मिसोवाल्याचं कोठार

कुमेजी तोरिगोए हा गिलाव्याचा मिस्त्री, आणि तो सिनेमात काम करतो असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "मी भिंतीत काम करतो," असं तो गुरगुरायचा. भिंत गुडघ्याएवढी असली म्हणून काय झालं, भिंत ती भिंतच. तोक्योच्या पश्चिमेला मुळ्याच्या शेतांना लागून एक स्टुडिओ होता. त्याच्या सहा नंबरच्या गोदामात तो तीन वर्षं गुडघ्याएवढी घरं बांधत होता आणि बांधून झाली की पाडायला देत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मोठे कान, आखूड मान, ओठात विझलेली सिगरेट आणि दिवसभर पुटपुट. चुना भिकार आलाय. पाणी जड आहे. आजकालची पोरं थापी धरतात ती भात वाढायला बसल्यासारखी. या पुटपुटीला कुणी भीक घालत नसे. ती थांबली की मात्र सगळं गोदाम काळजीत पडायचं, कारण कुमेजी गप्प झाला म्हणजे त्याला काहीतरी खरोखर लागलेलं असायचं.

त्या कामातली खरी खुबी घर पडेल कसं यात असते. पातळ प्लास्टरच्या भिंती ओतायच्या आणि आतल्या बाजूने बारीक करवतीने खाचा मारायच्या. बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं, आत जीव कवडीचा. खाच उथळ पडली तर घर नुसतं मोडतं, जास्त खोल पडली तर दिवे लावताना आपसूकच बसतं. छपरावरची कौलं मिठाईवाल्याकडच्या पातळ पापड्यांची, कारण त्या छान चुरतात. त्या पापड्या उंदरांनाही आवडायच्या. एकदा रात्रीतून एका अख्ख्या देवळाचं छप्पर उंदरांनी फस्त केलं होतं, आणि कुमेजीने सकाळी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. महिनाभर खपून गल्ली उभी करायची, तीन कॅमेरे लावायचे, आणि पाडायची संधी एकच. म्हणून गोदामात एक नियम होता, तो कुणी लिहून ठेवला नव्हता पण कुणी मोडतही नव्हतं. ज्याने घर बांधलं त्यानेच त्याला खाचा मारायच्या. दुसऱ्याने हात लावायचा नाही. बांधणारा "झालं" म्हणाला की झालं, कुणी आत डोकावून बघायचं नाही.

ते एकोणीसशे चोपन्न साल होतं. त्या वसंतात दूरच्या समुद्रात बड्या देशाने बॉम्बची चाचणी केली आणि टुना पकडायला गेलेली आपली एक होडी पांढऱ्या राखेत माखून परत आली. झालं. मासळीबाजारात टिकटिक वाजणारी यंत्रं आली. मासेवाले दुकानावर "आमचा मासा तपासलेला आहे" अशा पाट्या लावून माश्या मारत बसले. पावसात भिजलं की केस गळतात म्हणून आया पोरांना छत्रीशिवाय अंगणातही सोडेनात. लोक विहिरीच्या पाण्याकडे संशयाने बघायला लागले. आणि गंमत अशी की बोलत कुणीच नव्हतं. म्हणजे टुनाबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. पण पंचेचाळीस साली काय झालं, कोण कुठे होतं, कोण परत आलं नाही, हा विषय निघाला की चहा गार होतोय असं कुणीतरी म्हणायचं.

अशा वेळी स्टुडिओच्या मोठ्या साहेबांना वाटलं की एका राक्षसी माशाचा सिनेमा काढावा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की जमिनीखाली एक मिशाळ मासा झोपलेला असतो आणि त्याने कूस बदलली की भूकंप होतो. तर या बॉम्बने त्याची झोपमोड झाली, तो खाडीतून वर आला आणि शहर तुडवत सुटला, अशी गोष्ट. लिहायला सोपी. पण पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारलं की मासा तुडवणार कशाने. यावर दोन दिवस भांडण झालं. शेवटी माशाला पाय फुटले.

"माशाला पाय," कुमेजी पुटपुटला. "उद्या कोंबडीला सोंड लावा."

माशाचा पोशाख घालणारा मासुओ नावाचा गडी पूर्वी नौदलात खलाशी होता. बुडालेल्या दोन जहाजांवरून पोहत परत आलेला माणूस, आता तो रबराच्या माशात शिरून दिवसाला दोन कप घाम ओतून काढायचा आणि वर म्हणायचा, "मिस्त्री, यात बुडायची भीती नाही." मिशा तारेने हलायच्या. त्या ओढायला वर माळ्यावर दोन माणसं बसायची. हसू येईल असंच ते सगळं होतं. पण मासुओ त्या पोशाखात पहिल्यांदा गोदामात चालत आला आणि पायांखालच्या फळ्या धडधडल्या, तेव्हा चहा देणारी बाई भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिने डोक्यावर हात घेतले. विमानं आली की घ्यायचे तसे. तेव्हा कुणी हसलं नाही. ज्याबद्दल बोलता येत नव्हतं त्याला आम्ही मिशा लावल्या होत्या, एवढंच.

या छोट्या घरांच्या खात्याचे साहेब शिनाबे म्हणून होते. काटकुळे, चष्मेवाले, बोलायला मऊ आणि कामात जहाल. त्यांना पडद्यावर खालच्या शहरातली जुनी गल्ली हवी होती.

"आता तिथे सगळ्या पत्र्याच्या झोपड्या आहेत," ते कुमेजीला म्हणाले. "झोपड्या पाडल्या तर लोक म्हणतील, बरं झालं. मला कौलाची घरं हवीत. न्हाणीघर हवं, कालवा हवा, कोठार हवं. अहो मिस्त्री, तुम्ही फुकागावाचे ना?"

"होतो."

"फोटो कुठेच मिळत नाहीत. सगळे जळाले. तुम्हाला आठवेल तसं बांधा."

कुमेजीची पुटपुट त्याच क्षणी बंद झाली आणि ती पुढे पाच आठवडे सुरू झाली नाही.

खालच्या शहरातल्या फुकागावात, कालव्याच्या काठी, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट लगदा विकणाऱ्या कादोयाचं एक कोठार होतं. जाड मातीचं, बांबूच्या कुडावर बारा थर लिंपलेलं, वरून पांढरा चुना. अशा कोठाराला आग शिवत नाही. आग आली की मालकाने दार लावून घ्यायचं आणि मिस्त्रीने धावत येऊन दाराच्या फटी ओल्या मातीने बुजवायच्या. माती हाताशी नसली तर मिसोनेच बुजवायच्या. ही शेकडो वर्षांची रीत. कुमेजीच्या बापाने अशा फटी बुजवल्या, आज्याने बुजवल्या. कादोयाचं ते कोठार कुमेजीने स्वतः लिंपलं होतं, आणि त्याची माती त्याच्या बायकोने, फुसाने, पायांनी तुडवली होती. तीन महिने ती गुडघ्यापर्यंत चिखलात आणि तोंडाने चालू. ही माती पातळ आहे, तो पेंढा लांब आहे, तुम्हाला अक्कल कधी येणार. फुसाने लग्नाच्या बावीस वर्षांत नवऱ्याचं एकही वाक्य मुकाट्याने ऐकून घेतलं नव्हतं. तो पूर्व म्हणाला की ती पश्चिम. सगळ्या गल्लीची करमणूक व्हायची.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत कुमेजीला शहराबाहेरच्या विमानतळावर कामाला नेलं. निघताना तो दारात उभा राहून, निरोपाला जमलेल्या गल्लीसमोर, तिला म्हणाला, "आग आली तर पळू नकोस. कादोयाच्या कोठारात जाऊन बस. माझ्या हातचं आहे." आणि नेमकं त्या दिवशी फुसा उलट बोलली नाही. तिने त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं आणि "हं" म्हणाली.

मार्चमध्ये विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले आणि एका रात्रीत सगळं फुकागावा गेलं. दोन दिवसांनी तो चालत तिथे पोचला तेव्हा गल्ली सपाट होती आणि कोठार उभं होतं. भिंतीला तडा नाही. दाराच्या फटी आतून मिसोने बुजवलेल्या, आणि तो मिसो बाहेर ओघळून करपून काळा झालेला. म्हणजे आत माणसं होती. मदतीला आलेला एक जण म्हणाला, अजून तापलंय, उद्या उघडू, आत कुणी जिवंत असणं शक्य नाही. कुमेजी उद्यापर्यंत थांबला नाही. तो मागे वळला आणि नऊ वर्षं फुकागावात पाऊल टाकलं नाही. जुना शेजारी रस्त्यात दिसला तर हा पलीकडच्या बाजूला जायचा. न जाणो, त्याने सांगितलं तर.

त्याला एकच गोष्ट माहीत करून घ्यायची नव्हती. फुसाने त्या एका वेळी त्याचं ऐकलं होतं का? आपल्या बायकोने आपलं ऐकलं नसावं म्हणून रोज सकाळी देवघरासमोर हात जोडणारा नवरा जगात दुसरा नसेल. पण कुमेजी होता तो तसा होता.

तर त्याने गल्ली बांधायला घेतली. भाताच्या डब्यात खारवलेलं आंबट आलुबुखार तसंच पडून राहायचं आणि हा कालव्याच्या कडेचे दगड एकेक करून बसवायचा. न्हाणीघर झालं. चपला विकणाऱ्याचं घर झालं. पोरं ज्याच्या अंगणात रताळी भाजायची ते झालं. सगळ्यात शेवटी कोठार.

मासुओ तेव्हा फुकागावातच एक खोली घेऊन राहत होता. तो समोरच्या म्हातारीकडून रोज टोफू घ्यायचा आणि जे दिसेल ते तिला सांगायचा. ओत्सुने हे तिचं नाव, वय सहासष्ट. ती लढाईच्या आधीपासून त्याच गल्लीत टोफू विकत होती, आणि आता त्याच जागी पत्र्याखाली विकत होती. तुमची गल्ली बांधतायत म्हटल्यावर ती एका रविवारी टोफूचा डबा घेऊन मासुओबरोबर हजर झाली.

कुमेजीने तिला दारातच ओळखलं आणि तो आभाळाच्या मागे जाऊन लपला. म्हणजे गल्लीच्या मागे जे कापडावर रंगवलेलं आभाळ टांगलं होतं, त्याच्या मागे.

म्हातारी गुडघ्यावर बसली आणि गल्लीच्या तोंडाशी गाल टेकवून आत बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "धुराडं सरळ आहे."

"कसलं?" मासुओ.

"न्हाणीघराचं. भूकंपात कललं होतं ते, डावीकडे. सरळ करायला पैसे नव्हते म्हणून सगळे म्हणायचे असंच छान दिसतं. आणि माझ्या दुकानापुढे दगड होता, पोरं अडखळून पडायची. तुझ्या मिस्त्रीला सांग."

"सांगतो, आजी. ते इथेच असतील कुठेतरी."

"असेल ना," म्हातारी म्हणाली. ती आभाळाकडे बघत होती. "मातीची ही कड अशी बोटाने ओढणारा मला एकच माणूस माहीत आहे. डबा ठेवून जाते. म्हणावं, खाऊन घे, वाळला असशील."

दुसऱ्या दिवशी धुराडं डावीकडे कललेलं होतं आणि टोफूवाल्या दुकानापुढे वाटाण्याएवढा दगड होता. डबा धुऊन ठेवलेला होता. म्हातारी पुढच्या रविवारी आली आणि त्याच्या पुढच्याही. दोन्ही वेळा मिस्त्री चुना आणायला गेला होता. चुन्याच्या सतरा गोण्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या, तरी तो चुना आणायला गेला होता.

शूटिंगच्या आदल्या दिवशी शिनाबेसाहेब एकेका घरापाशी गेले. "झालं?" "झालं." "झालं?" "झालं." कोठारापाशी आले. कुमेजीने दाराची कड बोटाने पुसली. मग म्हणाला, "झालं."

शुक्रवारी सकाळी दिवे पेटले. ओत्सुनेही आली होती. आपली गल्ली पाडतात ती बघायची म्हणून तिने चांगला किमोनो घातला होता. साहेबांनी हात खाली केला, कॅमेरे भरधाव फिरायला लागले, आणि मासुओ खाडीतून वर आला.

खरं सांगायचं तर तो सुंदर पडझडीचा नमुना होता. न्हाणीघर डावीकडे कललेल्या धुराड्यासकट बसलं. चपलावाल्याचं छप्पर धुरळा होऊन उडालं. शेपटीच्या एका फटक्यात रताळीवालं आणि त्याच्या शेजारचं अशी दोन घरं गेली. मग मासा कोठारासमोर आला आणि त्याने पाय उचलून हाणला.

कोठार हललंही नाही.

मासुओने पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा हाणला. आतून "अगं आई गं" असा दबलेला आवाज आला, शहराचा काळ बनून आलेला तो मासा एका पायावर नाचला आणि मिशांसकट उताणा कालव्यात पडला. त्याचा अंगठा सुजून लिंबाएवढा झाला होता. कुणाची हसायची हिंमत झाली नाही. सगळी गल्ली धुळीला मिळाली होती आणि मधोमध कोठार उभं होतं, पांढरं, बिनतड्याचं, दार लावलेलं.

शिनाबेसाहेब जवळ गेले. त्यांनी नखाने भिंत खरवडली, वाकून बघितलं, मग चष्मा काढून पुसला. "हे प्लास्टर नाही," ते म्हणाले. "आत कूड आहे. सुतळीने बांधलाय. किती थर?"

"बारा," कुमेजी म्हणाला.

"मिस्त्री, तुम्ही मला झालं म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

कुमेजी कोठाराच्या दाराकडे बघत होता. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "बाकीचं छान आलंय, ते ठेवू. एवढंच पुन्हा घ्यावं लागेल, आणि उद्याच, परवा दिवे दुसऱ्या सिनेमाला जातायत. नियम नियम आहे, मी दुसऱ्या कुणाला करवत देणार नाही. पण उद्या अकरा वाजता ते पडायला हवं. नाही पडलं तर ते काढून पत्र्याची झोपडी ठेवीन, आणि तुम्ही सोमवारपासून नका येऊ." इतक्या मऊ आवाजात बोलले की मागच्यांना ऐकूही गेलं नाही.

माणसं पांगली. मासुओला खुर्चीवर बसवून कुणीतरी त्याच्या अंगठ्यावर गार पाणी ओतत होतं. कुमेजी कोठारासमोर उभा होता. त्याला कळलंच नाही की म्हातारी शेजारी येऊन उभी आहे.

"अगदी असंच होतं," ओत्सुने म्हणाली. "आगीनंतर सकाळी बघितलं तेव्हा."

कुमेजी वळला आणि चालायला लागला.

"अरे कुमेजी, थांब. मी सहासष्ट वर्षांची बाई, तुझ्यामागे धावू का आता? नऊ वर्षं झाली, बस झालं."

तो थांबला, पण वळला नाही. "मावशी, नका सांगू."

"सांगणार. फुसा तिथे होती."

कुमेजीने भिंतीचा आधार घेतला, पण ती भिंत रंगवलेल्या आभाळाची होती. तो खाली बसला. म्हातारीही त्याच्या शेजारी बसली.

"सगळं ऐकून घे, मग उठ. आम्ही सगळे कोठारात शिरत होतो. मी उंबऱ्यात होते. फुसा मागून आली आणि माझं मनगट धरून तिने मला बाहेर ओढलं. मी म्हटलं, अगं, तुझ्याच नवऱ्याने सांगितलंय आत बसा म्हणून. तर म्हणते कशी, माझा नवरा गिलावा चांगला करतो, पण त्याला अक्कल नाही. तो गिलावा मिसोसाठी आहे, माणसांसाठी नाही. आत भट्टी होईल. मी माती तुडवली आहे, मला विचारा. आतल्यांनाही ओरडून सांगत होती. ते दार लावून घेत होते, त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग आम्ही कालव्याकडे पळालो."

"आणि?"

"पुलावर गर्दी होती. तिचा हात माझ्या हातात होता, आणि मग नव्हता. पुढचं मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण तिने तुझं ऐकलं नाही, कुमेजी. शेवटपर्यंत नाही ऐकलं."

कुमेजीच्या घशातून एक आवाज आला. तो हसतोय की रडतोय हे मासुओला लांबून कळेना, आणि खरं तर कुमेजीलाही कळत नव्हतं. "अक्कल नाही म्हणाली?"

"तसंच म्हणाली."

"म्हणणारच," तो म्हणाला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत घेतलं. नऊ वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा आणि त्याखालची जागाच दुखावी, तसं त्याला झालं. म्हातारी त्याची पाठ थोपटत राहिली.

मग त्याने विचारलं, "आणि आत जे होते ते?"

"त्यांनी ऐकलं तुझं."

म्हातारीने हे सरळ सांगितलं. तिला गोड बोलायची सवय नव्हती.

"तू वाईट हेतूने नाही सांगितलंस. नगरपालिकेचा माणूस येऊन सांगायचा, बादल्या घेऊन जागेवर उभे राहा, पळाल तर शिक्षा. त्याच्यापेक्षा तुझं बरं होतं. प्रत्येक जण आपल्या माणसाला काहीतरी सांगत होता. पण हो, ते तुझ्या शब्दावर आत बसले. ते आहेच."

कुमेजी उठला. त्याने नाक पुसलं, पेटीतून बारीक करवत काढली आणि कोठाराचं छप्पर अलगद उचलून बाजूला ठेवलं. मग तो म्हणाला, "मावशी, नावं सांगा. कोण कोण होतं आत."

"कशाला?"

"मला माहीत नाहीत म्हणून."

म्हातारीने नावं सांगितली आणि कुमेजीने खाचा मारल्या. बारा थरांच्या मातीत करवत जाता जात नव्हती, त्याला घाम फुटला. मिसोवाला कादोया आणि त्याची बायको. कादोयाची सून. चपलावाल्याची थोरली. मध्येच तो थांबून विचारायचा, "कुठली, ती तोतरी बोलायची ती?" आणि म्हातारी म्हणायची, "नाही, ती धाकटी, ती वाचली, तिला आता दोन मुलं आहेत." मग तो पुन्हा खाली वाकायचा. न्हाणीघरात पाणी तापवणारा म्हातारा. रताळीवाल्यांची दोन पोरं आणि त्यांची आजी. काही नावं सांगताना म्हातारी अडखळत होती, काही सांगताना हसत होती, कारण त्या म्हाताऱ्याने एकदा भर हिवाळ्यात पाणी तापवायचंच विसरून अख्ख्या गल्लीला गारठवलं होतं. कुमेजीलाही ते आठवत होतं. करवत चालवताना त्याची पुटपुट सुरू झाली. पेंढा लांब कापलाय, कुणी कापला हा, आपणच कापला, अक्कल नाही. मासुओ लंगडत चहा घेऊन आला, त्याने ते ऐकलं आणि तो हळूच कप ठेवून गेला.

शनिवारी अकराला सगळे जागेवर होते. साहेबांनी विचारलं, "झालं?" आणि कुमेजी म्हणाला, "झालं." या वेळीही कुणी आत डोकावलं नाही.

मासुओने अंगठ्याला पट्टी बांधून पोशाख चढवला होता. तो लंगडत आला, आणि तो लंगडता मासा आदल्या दिवसापेक्षा जास्त भयंकर दिसत होता, असं साहेब नंतर म्हणाले. त्याने पाय उचलला. पायाचा नुसता स्पर्श झाला आणि कोठार बसलं. छप्पर खाली आलं, चारी भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या, दार उघडून आडवं झालं, आणि धूळ वर आली.

कॅमेरे थांबले. साहेब "छान" म्हणणार होते. पण त्यांच्या आधी कुमेजी पुढे आला, त्याने टोपी काढली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि त्या धुळीसमोर कमरेतून वाकला. गेलेल्यांच्या घरी वाकतात तसा, खोल, आणि वर आला नाही. ओत्सुने वाकली. दिवेवाले वाकले. चहावाली बाई वाकली. माळ्यावर मिशा ओढणारी दोन माणसं बसल्या जागी वाकली. शिनाबेसाहेबांनी चष्मा काढला आणि तेही वाकले.

मासुओला पोशाखातून फारसं दिसत नसे. पण सगळं गोदाम गप्प झालंय एवढं त्याला कळलं. मग तो प्रचंड मासाही हळूहळू पुढे वाकला, सुजलेल्या पायावर तोल सांभाळत, मिशा जमिनीला टेकेपर्यंत, आणि कुमेजीने मान वर करेपर्यंत तो तसाच वाकून राहिला.